डॉ. आनंदीबाई जोशी आणि कोल्हापूरची रिकामी राहिलेली जागा

पिरनवाडीहून बेळगाव गाठावे, तेथून हमरस्त्याने निपाणी मागे टाकावी, आणि दूधगंगा ओलांडून कोल्हापुरास जावे. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांस ही वाट पाठ आहे. त्याच शहरात एक जुने रुग्णालय आहे. आज त्यास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात. संस्थानच्या काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. दुखणेकऱ्यास घेऊन तेथे पायरी चढलेली माणसे आपल्या भागात पुष्कळ आहेत. परंतु त्या रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची पहिली जागा जिच्यासाठी राखून ठेवली होती, ती एकवीस वर्षांची डॉक्टर तेथे कधीच पोहोचू शकली नाही, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानात असेल. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचे नाव सर्वांस ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकांतून, श्री. ज. जोशी यांच्या १९६८ साली निघालेल्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीतून आणि त्याच नावाच्या २०१९ सालच्या चित्रपटातून त्यांची ओळख घरोघरी पोहोचली आहे. वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा गौरव होतो, तो यथायोग्यच आहे. तथापि पदवी मिळाल्या दिवसापासून वर्ष पुरे होण्याच्या आतच त्यांचा देह पडला. ज्या विद्येने दुसऱ्यांस आरोग्य द्यावयाचे, ती विद्या शिकता शिकता त्यांचे स्वतःचे आरोग्य सरले. हे कसे घडले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज आपल्या सभासद कुटुंबांतील मुले-मुली वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या पदव्यांसाठी घर सोडून जात आहेत. अशा वेळी हे चरित्र पुन्हा एकदा, आणि शेवटापर्यंत, वाचले जावे असे आम्हांस वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याण येथील जोशी हे त्यांचे माहेर. वडिलांचे नाव गणपतराव. मुलीचे पाळण्यातले नाव यमुना. एकेकाळी वतनदार असलेल्या या घराची स्थिती त्या सुमारास खालावत चालली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचे लग्न लागले. वर गोपाळ विनायक जोशी हे टपाल खात्यात नोकरीस होते. ते बिजवर होते आणि वयाने वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी यमुनेचे नाव आनंदी झाले.

गोपाळराव हे एक विलक्षण गृहस्थ होते. पत्नीस शिकू दिले पाहिजे, ही अट त्यांनी लग्नापूर्वीच घातली होती, आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली. परंतु त्यांचा शिकविण्याचा मार्ग मात्र मायेचा नव्हता. अभ्यासात कसूर झाली की त्या कोवळ्या मुलीस मार बसे. पुढे अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी आपल्या पतीस त्या दिवसांची स्पष्ट आठवण करून दिली आहे. त्या धाकाने आपले भले झाले की वाईट, हे आपणास सांगता येत नाही, असा त्यांचा सूर आहे. या माणसाच्या हट्टावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे खरे. आणि त्या हट्टाची किंमत एका मुलीने अंगावर सोसली, हेही तितकेच खरे. यांपैकी एकच सत्य सांगून दुसरे लपविणे हा चरित्राशी प्रामाणिकपणा होणार नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळते तर मूल वाचले असते, हा सल त्यांच्या मनात कायमचा राहिला. त्या काळी आपल्याकडील कुलीन स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करीत नसत. बाळंतिणीची खोली, अंधार, धूर आणि अनुभवाच्या जोरावर चालणारी सुईण, एवढाच आधार होता. लज्जा राखण्याच्या नादात कित्येक आया व बालके दगावत. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, आणि ती आपल्यातलीच, आपली भाषा व आपले आचार जाणणारी असावी, हा विचार आनंदीबाईंच्या मनात या दुःखातून रुजला.

गोपाळरावांच्या बदल्या वरचेवर होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी या जोडप्याची भ्रमंती झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुक्काम कोल्हापूरचा. तेथे अमेरिकन मिशनऱ्यांचे ठाणे होते, आणि त्यांच्या ओळखीतूनच पत्नीस अमेरिकेत शिकविण्याची कल्पना गोपाळरावांनी मनावर घेतली. कोल्हापुरातील मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर हे तेव्हा मायदेशी परतून प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवीत होते. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यांनी त्या मासिकात छापला. वाइल्डर यांचा सल्ला असा, की पतिपत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदत करता येईल. जोशी दांपत्याने ही अट मानली नाही. बोलणे तेथेच संपावयाचे. पण योगायोग असा, की न्यू जर्सीतील रोसेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. हजारो कोसांवरच्या एका मुलीची शिकण्याची तळमळ त्यांच्या मनास भिडली. त्यांनी पत्र लिहिले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या, आणि हे नाते दोघींनी अखेरपर्यंत निभावले.

कलकत्त्यास गेल्यावर आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोके दुखे, अशक्तपणा असे, मधूनमधून ताप येई, कधी श्वास लागे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. त्यांनी गुण आला नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कष्ट आनंदीबाईंनी धडधाकट शरीराने नव्हे, तर आधीच दुबळ्या झालेल्या देहाने सोसले. १८८३ साली गोपाळरावांची बदली श्रीरामपूर येथे झाली. आपणास सोबत जाता येत नसेल तर पत्नीने एकटीनेच जावे, असा निश्चय त्यांनी केला, आणि आनंदीबाईंनी तो मान्य केला.

हे कळताच हिंदू समाजात मोठी खळबळ उडाली. विवाहित ब्राह्मण स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडावा, परमुलुखात परक्यांच्या घरी राहावे, मृत देहांची चिरफाड शिकावी, हे त्या काळी बहुतेकांच्या कल्पनेबाहेरचे होते. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानणारे शास्त्रवचनांवर बोट ठेवीत होते. आणि ती परधर्मात गेल्यावाचून राहणार नाही, असे भाकीत कित्येकांनी केले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने जाहीर सभेपुढे उभे राहून इंग्रजीत भाषण केले. लोक जे प्रश्न मागे कुजबुजत विचारीत होते, ते तिने स्वतःच सहा प्रश्नांच्या रूपाने मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस कशासाठी जावयाचे? हिंदुस्थानात सोय नाही काय? एकटीने का? परतल्यावर जातीबाहेर टाकतील, त्याचे काय? काही अरिष्ट ओढवले तर? आणि जे कोणाही बाईने केले नाही ते हिनेच का करावे?

या उत्तरांतील आपल्या मासिकास विशेष जवळचे उत्तर जातीबाहेर पडण्याविषयीचे आहे. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू, आहार आणि वेष बदलणार नाही, असे त्यांनी भर सभेत सांगितले. धर्माचा त्याग करून विद्या मिळविण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. तसेच विद्येचा त्याग करून धर्म सांभाळल्याचे समाधानही त्यांस सहज मिळाले असते. त्यांनी दोन्ही नाकारले. रुग्णाची सेवा हा धर्माचाच भाग आहे, मग ती शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला तर तोही ओलांडावा, अशी त्यांची सरळ भूमिका होती. या भाषणाची वार्ता सर्वत्र पसरली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून साहाय्याचे पैसेही येऊ लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. सोबतीस परिचयाच्या मिशनरी स्त्रिया होत्या. घरचे कोणी नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहत होत्या. उन्हाळ्याचे महिने त्यांनी रोसेल येथे कार्पेंटर यांच्या कुटुंबात काढले. त्या घराने या परदेशी मुलीचे खाणे, नेसणे, सणवार यांचा मान राखला. आपल्या तीन वर्षांच्या अमेरिकावासात आनंदीबाईंस खरे निवांत दिवस लाभले ते या घरीच.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा अभ्यास सुरू झाला. हे महाविद्यालय १८५० साली केवळ स्त्रियांस वैद्यक शिकविण्यासाठी निघाले होते. त्याच्या प्रमुख रेचेल बॉडले या रसायनशास्त्राच्या विदुषी. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या पूर्वशिक्षणातील उणिवा झाकल्या नाहीत. आपल्या देशातील दुःखी स्त्रियांस, ज्या पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांस खरे वैद्यकीय साहाय्य देता यावे, हा हेतू त्यांनी मांडला. महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली.

येथे पदवीविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. आनंदीबाईंस मिळालेली पदवी एम. डी. ही होती. आपल्याकडे आज एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढील अभ्यास करून एम. डी. होता येते, अमेरिकेत मात्र डॉक्टर होण्याच्या मूळ पदवीसच हे नाव आहे. तेव्हाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शरीररचना, शरीरव्यापार, रसायन, औषधिशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र असे विषय असत. शवविच्छेदन स्वतःच्या हाताने करावे लागे. आणि शेवटी एक प्रबंध लिहावा लागे. परकी भाषा, अपुरी पूर्वतयारी आणि खालावलेली प्रकृती घेऊन एका अठरा वर्षांच्या मुलीने हे सर्व अंगावर घेतले होते.

फिलाडेल्फियाचा हिवाळा कोकण-देशावरच्या माणसास कल्पनेनेही उमगणे कठीण. त्यात आनंदीबाई शुद्ध शाकाहारी. जेथे भोजनाचा मुख्य भार मांसावर, तेथे भात, बटाटे, भाजी असे जे मिळेल त्यावर त्यांस भागवावे लागे. नेसणे लुगड्याचेच. तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधते म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. दिलेला शब्दही राहिला आणि अंगही झाकले गेले, असा मार्ग त्यांनी शोधला. त्यांचे कुंकू व बांगड्या पाहून लोक कुतूहलाने प्रश्न विचारीत. त्या शांतपणे उत्तरे देत. परंतु थंडी, अपुरे अन्न, रात्रीची जागरणे आणि घरापासूनची ताटातूट यांनी आतून शरीर पोखरले जात होते. आजारपणे वरचेवर येत. अभ्यास मात्र त्यांनी सोडला नाही.

त्या महाविद्यालयात त्या वेळी अनेक देशांच्या मुली शिकत होत्या. १८८५ सालच्या ऑक्टोबरातील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि आपल्या देशाचा पोशाख केलेल्या सीरियाच्या सबात इस्लांबुली अशा तिघी शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. तिघींचे देश, भाषा, देव निरनिराळे. पण आपापल्या देशातील आयाबहिणींची सेवा करावी, हा हेतू सारखा. आपला वेष न टाकता नवी विद्या घेता येते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषयही असाच विचारपूर्वक होता. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा तो विषय. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गर्भिणी व बाळंतीण यांच्याविषयी काय सांगितले आहे, ते त्यांनी अमेरिकन वैद्यकाच्या शेजारी ठेवून मांडले. हा प्रबंध पन्नास पृष्ठांचा झाला. स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने हाच विषय का घेतला असेल, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाईंस एकविसावे वर्ष पुरे होण्यास अद्याप वीस दिवस होते. आदल्या वर्षी अमेरिकेस पोहोचलेले गोपाळराव समारंभास हजर होते, आणि नात्याने जवळच्या असलेल्या पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचा अभ्यास पुरा केला. एकाच वर्षी दोन भारतीय स्त्रिया, एक परदेशात आणि एक स्वदेशात, डॉक्टर झाल्या.

त्याच उन्हाळ्यात कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाचे काम सांभाळण्यासाठी बोलावणे पाठविले. ज्या गावी अमेरिकेच्या विचाराने बीज धरले, त्याच गावी त्याचे फळ यावयाचे होते. केवळ कोल्हापूरच नव्हे, तर निपाणी, चिकोडी, बेळगावपर्यंतच्या स्त्रियांस आपली भाषा बोलणारी, आपल्यासारखे लुगडे नेसणारी डॉक्टर जवळच मिळण्याचा तो योग होता. आनंदीबाईंनी ती जागा स्वीकारली.

पण क्षयाने त्यांस गाठले होते. या रोगाचे जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्या वर्षी, दाखवून दिले होते. कारण कळले होते. औषध मात्र जगात कोठेही नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले गुणकारी औषध १९४३ साली सापडले. आनंदीबाईंच्या काळच्या रोग्यास विश्रांती, सकस अन्न, कोरडी व मोकळी हवा एवढाच काय तो आधार. आणि नेमक्या याच गोष्टी त्यांस तीन वर्षे लाभल्या नव्हत्या.

१८८६ च्या ऑक्टोबरात पतिपत्नी परतीच्या प्रवासास निघाली आणि नोव्हेंबरात मुंबईस उतरली. ज्या समाजाने निंदा केली होती, तोच आता हारतुरे घेऊन स्वागतास आला. आनंदीबाई धर्माने, वेषाने आणि आहाराने गेल्या तशाच परत आल्या होत्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. परंतु कोल्हापूरची वाट धरण्याइतके त्राण त्यांच्या अंगी उरले नव्हते. त्यांस पुण्यास आईजवळ नेण्यात आले. तेथे उपचार चालले असता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला होता. एकाही रुग्णाची नाडी आपल्या देशात डॉक्टर म्हणून पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या माऊलीने त्या ठेवल्या आणि वर शिला उभारली. तीवर आनंदीबाईंचा उल्लेख तरुण हिंदू ब्राह्मण स्त्री असाच आहे. परधर्मीयांच्या भूमीतही त्यांची ओळख त्यांनी राखलेल्या ओळखीनेच कोरली गेली. अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. पुढे शुक्र ग्रहावरील एका विवरासही त्यांचे नाव देण्यात आले.

असो. हे सर्व सांगितल्यावर आमच्या मनात जे येते ते आम्ही स्पष्टपणे मांडतो. आनंदीबाईंच्या अंगी निश्चय होता, बुद्धी होती, श्रद्धा होती; उणीव होती ती पाठीशी उभ्या राहणाऱ्या समाजाची. जाण्यापूर्वी त्यांच्या प्रकृतीची चिंता पतीहून अधिक एका परदेशी बाईने केली. परदेशात त्यांच्या जेवणाची, उबेची, आजारपणातील शुश्रूषेची कायमची व्यवस्था लावील असा स्वकीय कोणी नव्हता. आपला समाज हार घेऊन आला तो अगदी शेवटी, जेव्हा हारांचा उपयोग उरला नव्हता. पहिली बाई डॉक्टर झाली म्हणून आपण अभिमान धरतो; पण ती जगली असती तर तिच्या हातून किती आया व किती बालके वाचली असती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. ते नुकसान त्यांचे एकटीचे नव्हते. ते आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे नुकसान होते.

समाजाने वेळेवर हात दिला तर काय होऊ शकते, याचे उदाहरणही त्याच रुग्णालयात सापडते. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाल्या. महाराजांनी त्यांस पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी पाठविले. त्या शिकून परतल्या आणि कोल्हापुरातील स्त्रियांची त्यांनी प्रदीर्घ काळ सेवा केली. डॉ. रखमाबाई यांचेही असेच. बालपणीच्या विवाहाविरुद्ध न्यायालयात झगडलेल्या या स्त्रीस इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी अनेकांनी साहाय्य उभे केले. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. या दोघी आनंदीबाईंहून अधिक बुद्धिमान होत्या असे नव्हे. त्यांस आधार मिळाला आणि आयुष्य मिळाले.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. आपल्या बेळगावातच १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर शासकीय वैद्यकीय संस्थाही निघाली. पिरनवाडीची मुलगी सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतेल, इतक्या अंतरावर आता वैद्यकाचे वर्ग भरतात. समुद्र ओलांडल्याबद्दल कोणास जातीबाहेर टाकीत नाहीत. क्षयरोगही आज असाध्य राहिलेला नाही. साधारण सहा महिने नियमाने औषधे घेतली तर बहुतेक रोगी बरे होतात, आणि सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, एवढा साधा नियम प्रत्येक घराने पाळावा.

तरीही दूरच्या शहरी शिकणाऱ्या मुलांचे हाल पूर्णपणे संपले आहेत असे म्हणता येत नाही. वसतिगृहातील अपुरे जेवण, परीक्षेची जागरणे, कर्जाचे ओझे, नव्या भाषेचा बुजरेपणा आणि आपले दुखणे घरी कळविण्याचा संकोच ही दुखणी जुनीच आहेत. मुलगा वा मुलगी पुढील पदवीसाठी निघाली, की आपण गुण किती पडले हे विचारतो. जेवतेस काय, झोपतेस किती, अंगात ताप तर नाही ना, हे विचारणारा घरात एक तरी माणूस असावा. जाण्यापूर्वी एकदा प्रकृती तपासून घ्यावी. आजारपणामुळे एखादे सत्र मागे पडले तर त्यात कमीपणा मानू नये. धाक दाखवून शिकविलेली विद्या फळाला येतही असेल. पण तिची किंमत कोण मोजतो, ते आनंदीबाईंच्या पत्रांनी आपणास सांगितले आहे.

आणि आपल्या मंडळीने, म्हणजे या देवळाशी बांधलेल्या सर्व कुटुंबांनी, याहून एक पाऊल पुढे टाकावे असे आमचे मागणे आहे. परगावी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची यादी ठेवावी. ज्या शहरात आपले कोणी आप्तेष्ट राहतात, तेथे त्यांनी या विद्यार्थ्यांस सणावारी घरी जेवावयास बोलवावे. कोणी आजारी पडल्यास रोसेलच्या त्या मावशीने केले ते आपल्यापैकी कोणीतरी करावे. सत्कार अवश्य करावा, पण तो पदवी मिळाल्यानंतर; त्यापूर्वीची चार-पाच वर्षे साहाय्याची असतात. त्या वर्षांत हात आखडता घेऊन शेवटी शाल पांघरणे, हे १८८६ साली एकदा झाले आहे. तेच पुन्हा घडू नये.

कोल्हापुरास देवीच्या दर्शनास गेल्यावर सवड काढून त्या जुन्या रुग्णालयावरून एकदा जावे, आणि जिची तेथे वाट पाहिली गेली त्या मुलीचे नाव घरातील लहानांस सांगावे. श्रीकृपेने आपल्या घरांतून शिकावयास गेलेले प्रत्येक लेकरू विद्या घेऊन, धडधाकट परत येवो, आणि आपल्या जागेवर रुजू होवो.